डिझेलचा हिशेब क्विंटलावर मांडा

बैलगाडीत ओझे जास्त झाले, तर ते सांगावयास कोणा यंत्रविशारदाची गरज पडत नसे. बैल मान खाली घालीत, पाय रोवून उभे राहत. मग गाडीवान खाली उतरून चाकास खांदा देई किंवा दोन पोती उतरवून ठेवी. ओझ्याची, चढाची आणि चिखलाची किंमत त्याच क्षणी डोळ्यांसमोर दिसे. ट्रॅक्टर आणि पिकअप गाडी दारात आली, आणि ही सूचना देणारा सोबती गेला. इंजिन अडून बसत नाही. ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबला की ते मुकाट्याने ओढते आणि मुकाट्याने अधिक डिझेल पिते. त्याची किंमत महिनाअखेरीस पंपावरच्या उधारीत दिसते. परंतु तोपर्यंत कोणत्या फेरीने ती वाढविली, हे घरातील कोणासच सांगता येत नाही.

आमचे मत असे आहे की, माल वाहून नेण्यात शेतकऱ्याचे जे डिझेल वाया जाते, त्यास जुने इंजिन जितके कारण आहे त्याहून हिशेबाचा अभाव अधिक कारण आहे. आणि जेथे हिशेब ठेवला जातो, तेथेही तो बहुधा चुकीच्या मापाने ठेवला जातो. "गाडी लिटरला किती किलोमीटर देते?" हा प्रश्न जो तो विचारतो. "एक क्विंटल माल बाजारात पोहोचविण्यास किती डिझेल लागले?" हा प्रश्न फारच थोडे विचारतात. शेतकरी किलोमीटर विकीत नाही. तो माल विकतो. यास्तव हिशेबही मालावरच मांडला पाहिजे.

नायगावची अडचण

नायगाव हे पश्चिम रेल्वेवर भाईंदर व वसई रोड यांच्या दरम्यानचे स्थानक. भाईंदर येथून एकाच स्थानकाच्या अंतरावर आहे. परंतु मध्ये वसईची खाडी आडवी आहे. रेल्वे पाणजू बेटावरून खाडी ओलांडून सरळ जाते. मालाची गाडी मात्र पूर्वेस बापाणे गावाच्या बाजूने महामार्ग गाठते (हा पूर्वीचा क्रमांक ८, हल्लीचा क्रमांक ४८ चा मुंबई–अहमदाबाद महामार्ग), घोडबंदरजवळ वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडते, आणि मग मुंबईच्या दिशेस लागते. म्हणजे समोर दिसणाऱ्या काठावर जाण्यासाठीही लांबचा वळसा. त्यात महामार्गावरील कोंडी ही येथील लोकांच्या नित्य परिचयाची आहे.

या भागातील मालही एका जातीचा नाही. पूर्वेकडील खाचरांतून भात व पेंढा निघतो. खाडीकाठी मिठागरे आहेत. वसईच्या पश्चिम पट्ट्यात भाजीपाला, केळी आणि फुले होतात. पेंढा व गवत तबेल्यांकडे जाते, फुले पहाटे दादरला जातात. जमिनीचे तुकडे लहान आहेत. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, तेव्हापासून इमारतींचा वेढा वाढत गेला आहे, आणि शेतीखालील क्षेत्रावर त्याचा ताण पडला आहे. अशा लहान शेतीत नफ्याची कड मुळातच बारीक असते. ती कड बाजाराच्या वाटेवर झिजू द्यावयाची की राखावयाची, एवढाच येथे प्रश्न आहे.

डिझेलच्या दराचा प्रश्न शेतकऱ्याच्या हातचा नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला आणि १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलू लागले. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी पाचांतील चार भागांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. दर आपल्या हाती नाही. लिटर मात्र आपल्या हाती आहेत.

ओझी दोन प्रकारची

ओढीस जी शक्ती लागते, ती मुख्यतः दोन अडथळ्यांवर खर्च होते. पहिला अडथळा चाकांचा. सपाट, पक्क्या रस्त्यावर एक टन वजनाची ट्रॉली चालती ठेवण्यास साधारणतः १५ ते २५ किलोग्रॅम जोराची ओढ पुरते. तीच ट्रॉली सैल मातीत वा ओल्या खाचरात शिरली, की ही ओढ १०० किलोग्रॅमपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते. चढाचे गणित त्याहून सोपे आहे: शंभर मीटरांत एक मीटर चढ असेल, तर दर टनामागे दहा किलोग्रॅम ओढ वाढते. शंभरात दोन मीटर चढला की चांगल्या रस्त्यावरही ओढ जवळजवळ दुप्पट होते. पुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज बदलतो तो याच कारणाने.

दुसरा अडथळा वाऱ्याचा. हा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा विचारही होत नाही. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरवरून वेग ८० वर नेला, तर हा अडसर दुप्पट न होता चौपट होतो. ६० वरून ८० वर नेला, तरी तो पाऊणपटीहून अधिक वाढतो.

या दोन ओझ्यांतील फरक समजण्यास परदेशातील एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत अनेक कुटुंबे सुट्टीच्या दिवसांत डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाडीमागे चाकांवरचे घर जोडून प्रवासास निघतात. आपल्या राज्यानेही अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी २०२१ साली कॅराव्हॅन धोरण आखले. तेथील वाहनचालकांचा सर्वसाधारण अनुभव असा आहे की, असे घर मागे जोडले की गाडी लिटरमागे जवळजवळ निम्मेच अंतर तोडते. वास्तविक हे घर आकाराच्या मानाने हलके असते. परंतु ते उंच, रुंद आणि समोरून भिंतीसारखे सपाट असते. महामार्गाच्या वेगाने ते ओढणे म्हणजे वाऱ्याशी झुंजणे होय. त्याच वजनाचा, पण बुटका माल सपाट ट्रॉलीवर ठेवून ओढला, तर डिझेल पुष्कळ कमी लागते.

आता हाच नियम नायगावच्या रस्त्यावर लावून पाहा. मिठाची पोती जड, पण बुटकी असतात. त्यांचे डिझेल चाकांखाली खर्च होते. पेंढ्याचे भारे हलके, पण गाडीच्या टपाहून उंच आणि दोन्ही बाजूंस फुगलेले असतात. त्यांचे डिझेल वाऱ्यात जाते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला उंच रचलेल्या पेंढ्याच्या गाडीस वाऱ्याचा अडसर चाकांच्या अडसराहून मोठा ठरतो. "पेंढाच तर आहे, हलका आहे, हाण जोरात" असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा नेमके उलटे करीत असतो. हलका आणि उंच माल हळूच नेला पाहिजे. भारे दाबून बांधावेत, रास बुटकी व सारखी रचावी, ताडपत्री घट्ट ताणून बांधावी. फडफडणारी ताडपत्री वाऱ्याला थारा देते आणि डिझेल खाते. मिठाच्या बाबतीत मात्र लक्ष टायर, ब्रेक आणि रस्ता यांवर ठेवावे.

क्विंटलाचा हिशेब कसा बोलतो

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. समजा, बाजार ४० किलोमीटरांवर आहे. पिकअपमध्ये सहा क्विंटल माल भरला तर जाताना ४ लिटर, बारा क्विंटल भरला तर ५ लिटर, आणि रिकामी परतताना ३ लिटर डिझेल लागते.

दोन शेजाऱ्यांनी सहा-सहा क्विंटल माल आपापल्या गाडीतून नेला, तर दोघांचे मिळून १४ लिटर डिझेल लागले. क्विंटलामागे ते एक लिटराहून अधिक पडले. हाच बारा क्विंटल माल एका गाडीतून गेला असता, तर ८ लिटरांत काम झाले असते. म्हणजे क्विंटलामागे लिटराचे दोन तृतीयांश. आणि परतताना त्याच गाडीतून बारा क्विंटल खत किंवा पेंड आणली असती, तर १० लिटरांत चोवीस क्विंटल मालाची ने-आण झाली असती. क्विंटलामागे अर्ध्या लिटराहूनही कमी.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. "लिटरला किती किलोमीटर" या मापाने पाहिले, तर पहिला प्रकार सर्वांत चांगला दिसतो, कारण अर्धी भरलेली गाडी लिटरमागे अधिक अंतर तोडते. क्विंटलाच्या मापाने पाहिले, तर तोच प्रकार सर्वांत वाईट ठरतो. चुकीचे माप माणसास चुकीच्या निर्णयाचे समाधान देते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

याचा अर्थ गाडीत मावेल तितके कोंबावे, असा कोणी घेऊ नये. गाडीच्या व ट्रॉलीच्या कागदपत्रांत जे वजन नमूद असते, ते टायर, कमानी आणि ब्रेक यांची ताकद पाहून ठरविलेले असते. त्या मर्यादेपर्यंत भरलेली गाडी डिझेल वाचविते; त्या मर्यादेपुढे तीच गाडी टायर खाते, ब्रेक जाळते आणि उतारावर माणसाचा जीव धोक्यात घालते. दोन पोत्यांचे डिझेल वाचविण्यासाठी ट्रॉलीखाली कोणाचा पाय जाणे हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही. नोंदणी नसलेला ट्रेलर वापरणे हेही याच जातीचे धाडस आहे.

वाया जाणारे डिझेल कोठे शोधावे

डिझेल इंजिन हे चांगल्या यंत्रांत मोडते. तरीही इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच उपयोगी शक्ती म्हणून हाती येतो, बाकीची उष्णता रेडिएटर आणि धुरांड्यावाटे निघून जाते. ही तूट कोणास टाळता येत नाही. परंतु तिच्यावर आपण आपल्या सवयींची तूट चढवितो, ती टाळता येते.

पहिली सवय उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्याची. माल भरताना, चहाच्या टपरीवर, काट्यावर वजनासाठी रांगेत असताना इंजिन धडधडत राहते. या वेळात एक इंचही वाट सरत नाही, पण डिझेल मात्र जळते. थोडा वेळ जरी थांबावयाचे असेल, तरी इंजिन बंद करणे हितावह. सेल्फ किंवा बॅटरी खराब आहे म्हणून इंजिन बंद करीत नाही, असे कोणी सांगेल, तर त्याने आधी बॅटरी दुरुस्त करावी. ती किंमत डिझेलातूनच वसूल होईल.

दुसरी सवय टायरांकडे दुर्लक्ष करण्याची. ट्रॅक्टरच्या टायरांत शेतात हवा कमी ठेवतात आणि रस्त्यावर जास्त. पण शेतातून निघालेला ट्रॅक्टर तसाच ट्रॉली जोडून रस्त्यावर आणला जातो. कमी हवेचा टायर दर फेऱ्यास चेपतो, तापतो आणि ओढ वाढवितो. ट्रॉलीच्या टायरांकडे तर कोणी पाहतही नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, यंत्रासोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिली असेल तितकी भरावी.

तिसरी गोष्ट अडकलेल्या ब्रेकची. चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न लावता नेऊन पाहावा. इतर चाकांपेक्षा एखादे फार तापले असेल, तर तेथे ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंगचे ग्रीस संपले आहे असे समजावे.

चौथी गोष्ट धूर. ओझ्याखाली धुरांड्यातून काळा धूर निघत असेल, तर डिझेल नीट जळत नाही. एअर क्लीनर चोंदला आहे, इंजेक्टरची फवारणी बिघडली आहे किंवा गिअर चढाच्या मानाने वरचा लावला आहे, यांपैकी काहीतरी असते. सुगीच्या दिवसांत पेंढ्याचा बारीक भुसा एअर क्लीनरमध्ये भरतो; त्या दिवसांत तो नेहमीपेक्षा लवकर साफ करावा. गळतीही किरकोळ समजू नये. सेकंदास एक थेंब गळत राहिला, तर दिवसास चार लिटरांहून अधिक डिझेल मातीत जाते.

पाचवी सवय उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची. हा समज फार जुना आहे आणि फार घातक आहे. मागे भरलेली ट्रॉली असताना गिअर काढला, की इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. शिवाय हल्लीच्या पिकअप गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय उचलला, तर इंजेक्शन आपोआप थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल घेत राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून बचत म्हणावी, तर तीही होत नाही.

पिकअपमागे लहान दोन चाकी ट्रेलर जोडणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. एकूण वजनाचा सुमारे दहावा ते सातवा हिस्सा जोडावर येईल, असा माल रचावा. सर्व भार मागे गेला तर ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो. पुढे फार आला तर गाडीची पुढची चाके हलकी होऊन वळण हाती राहत नाही.

ट्रॅक्टर कोठवर न्यावा

ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही जोडी शेतापासून खळ्यापर्यंत, गावच्या गोदामापर्यंत किंवा जवळच्या तबेल्यापर्यंत उत्तम काम देते. तिचा वेग कमी असल्याने उंच पेंढ्यालाही वारा फारसा अडवीत नाही. परंतु तीच जोडी महामार्गावर कोसचे कोस नेणे आम्हांस पसंत नाही. डांबरावर ट्रॅक्टरच्या टायरांच्या कडा झिजतात. त्या झिजल्या की खाचरात चिखलणीच्या वेळी चाक जागीच फिरते, आणि रस्त्यावर केलेली चूक शेतात दुसऱ्यांदा डिझेल मागते. संथ वाहन वेगवान वाहतुकीत आणल्याने होणारा धोका वेगळाच. यास्तव ट्रॅक्टरने माल रस्त्याच्या नाक्यापर्यंत आणावा, आणि पुढे तो कित्येकांचा मिळून एका मोठ्या गाडीने न्यावा, हे अधिक शहाणपणाचे.

फुले व भाजीच्या लहान टोपल्यांना तर रेल्वेहून स्वस्त ओढ नाही. लोखंडी रुळांवर लोखंडी चाकाला टनामागे दोन-तीन किलोग्रॅम ओढ पुरते. डांबरी रस्त्यावरील ओढीचा तो सुमारे आठवाच हिस्सा आहे. उपनगरी गाडीच्या मालडब्यातून पहाटे दादरला टोपल्या नेणाऱ्या आपल्या माताभगिनी हा हिशेब पाटीपेन्सिलीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई–भाईंदर अशी रो-रो फेरीही सुरू झाली. आपला माल व आपले वाहन तीत घेतात काय, भाडे किती, याची चौकशी करून ते भाडे वळशाच्या डिझेलशी ताडून पाहावे.

आक्षेपांचा विचार

या सल्ल्यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा. फुलांचा भाव पहाटेनंतर घसरतो. मग हळू जाऊन कसे चालेल? आक्षेप खरा आहे. पण ४० किलोमीटर अंतर ताशी ८० ने गेल्यास ३० मिनिटे आणि ताशी ६० ने गेल्यास ४० मिनिटे लागतात. वाऱ्याचा अडसर पाऊणपटीहून अधिक वाढवून हाती आली ती दहा मिनिटे, आणि तीही वाटेत कोंडी लागली नाही तर! ही दहा मिनिटे घरून दहा मिनिटे लवकर निघूनही मिळतात, व त्यांस डिझेल लागत नाही. इंधन बचतीच्या कामासाठी १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघाने ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगितला आहे, तो याच तत्त्वावर. मात्र एखादे दिवशी उशीर झालाच आणि माल नाशवंत असेल, तर डिझेलापेक्षा मालाचा भाव मोठा, हे आम्ही नाकारीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, शेजाऱ्याबरोबर एका गाडीत माल घातला की तंटे होतात: कोणाचा माल आधी उतरला, कोणाची टोपली दबली, डिझेल कोणी किती द्यावयाचे. तंटे होतात हे खरे. परंतु त्यांचे मूळ बहुधा नोंद नसण्यात असते. क्विंटलावर हिशेब मांडला, की वाटणीचा प्रश्न आपोआप सुटतो. ज्याचे जितके क्विंटल, त्याचे तितके लिटर.

तिसरा आक्षेप शासनाकडे बोट दाखविणारा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. शेतरस्ता खड्ड्यांचा असेल, तर शेतकऱ्याने कितीही काळजी घेतली तरी ओढ वाढणारच. शेतरस्त्यांची वेळीच दुरुस्ती हीही इंधनबचतीचीच योजना आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु रस्ता होईपर्यंत टायरांत हवा भरण्यास कोणाची मंजुरी लागत नाही.

वही आणि प्रात्यक्षिक

करावयाचे काम सोपे आहे. एक साधी वही घ्यावी. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा किंवा तासांचा आकडा टिपावा. प्रत्येक फेरीस माल कोणता, किती क्विंटल, कोठे नेला, परतताना काय आणले, एवढे लिहावे. आठ-दहा फेऱ्यांनंतर त्याच पंपावर, त्याच सपाट जागी टाकी पुन्हा काठोकाठ भरावी. जितके लिटर मावले, त्यास वाहिलेल्या एकूण क्विंटलांनी भागावे. एकाच फेरीवरून निष्कर्ष काढू नये, कारण भरताना होणारी थोडी चूकही एका फेरीत मोठी दिसते. पेंढ्याच्या आणि पोत्यांच्या फेऱ्या, तसेच जवळच्या व लांबच्या बाजारांच्या फेऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी केवळ भाषण न देता प्रात्यक्षिक करून दाखवावे. तीच ट्रॉली, तोच रस्ता, तोच चालक आणि तितकेच ओझे घ्यावे. काही फेऱ्या टायर आहेत तसे ठेवून आणि काही फेऱ्या हवा भरून, ब्रेक मोकळे करून व ताडपत्री ताणून कराव्यात, आणि मापलेले लिटर लोकांसमोर फळ्यावर लिहावेत. शेतकरी स्वतःच्या गाडीचा आकडा पाहील, तेव्हा त्यास दुसऱ्या कोणाचा उपदेश लागणार नाही. सुगीनंतर, पेंढा निघण्याच्या वेळी, हे काम हाती घेणे सर्वांत सोयीचे.

बैल थकला की थांबे आणि मालकास जागे करी. इंजिन तसे करीत नाही. त्याचा थकवा वहीत उतरवून आपणच वाचला पाहिजे. नायगावच्या खाचरातील पेंढी असो, मिठागरावरचे पोते असो की फुलांची टोपली असो, ती पिकविण्यास घाम लागलेला आहे. बाजाराच्या वाटेवर त्या घामाचा वाटा वाऱ्याला आणि धुराला न देता घरी आणावा, हीच या लेखामागील कळकळ आहे.